लहान दवाखाना आणि इंटरनेटवरील दूरध्वनी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर शिष्यवृत्ती, वसतिगृह, वधूवरसूचन आणि लग्नकार्यातील खर्च या विषयांवर पुष्कळ बोलणे झाले आहे. त्या मालिकेत दूरध्वनीसारखा रुक्ष विषय कसा येऊन बसला, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण असे, की आपल्या समाजात लहान दवाखाना चालविणारी घरे बरीच आहेत, आणि अलीकडे त्यांतील अनेकांच्या दारी इंटरनेटवरील फोनची यंत्रणा विकणारी मंडळी येऊन जात आहेत. आमची सारी नोकरी दूरध्वनी खात्यात गेली असल्यामुळे, ‘हे घ्यावे की घेऊ नये, आणि घ्यावे तर काय पाहून घ्यावे,’ अशी पृच्छा आमच्याकडे वरचेवर होते. प्रत्येकास निरनिराळे सांगण्यापेक्षा एकदाच सर्वांसमक्ष सांगावे, ही चिटणीसांची सूचना आम्हांस पटली.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. जुन्या पद्धतीत आपल्या घरापासून एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या तारांची एक जोडी येत असे, आणि बोलणे चालू असेतोवर ती वाट केवळ त्या दोघा बोलणाऱ्यांची असे. नव्या पद्धतीत आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते. त्या आकड्यांची बारीक बारीक पुडकी बांधली जातात, साधारणतः एका सेकंदाला ५०. आणि ती पुडकी इंटरनेटच्या रहदारीतून, इतरांची पत्रे, छायाचित्रे व सिनेमे यांच्या गर्दीतून वाट काढीत दुसऱ्या टोकाला पोचतात व तेथे त्यांचा पुन्हा आवाज होतो. मोठ्या कचेऱ्यांत पूर्वी ईपीएबीएक्स नावाचे जे कपाट असे, ते आता कंपनीच्या दूरच्या संगणकावर राहते. दवाखान्यात राहतो केवळ टेबलावरचा फोन. कधी कधी तोही नाही, तर मोबाइलमधले एक ॲप. आपल्या देशात २००२ च्या एप्रिलपासून इंटरनेटवरून बोलण्यास मर्यादित परवानगी मिळाली. परंतु त्यावरून देशातील नेहमीच्या फोनांशी बोलण्याची मोकळीक परवानाधारक कंपन्यांना २०१८ मधील परवान्यांच्या दुरुस्तीनंतरच स्पष्टपणे लाभली. तेव्हा ही यंत्रणा बेकायदा आहे अशी जी समजूत काही वृद्ध डॉक्टरांच्या मनात अजून घर करून आहे, ती आता सोडून द्यावयास हरकत नाही.

विक्रेता आला म्हणजे तो गुणांची यादी वाचू लागतो. फोन उचलण्यापूर्वी रुग्णाचे नाव पडद्यावर दिसते, बोलणे साठवून ठेवता येते, महिन्याचे आलेख निघतात, थांबलेल्या माणसास संगीत ऐकविता येते. हे सर्व खरे असते, आणि यातले पुष्कळसे निरुपयोगी असते. दवाखान्याची फोनयंत्रणा तिच्या गुणांवरून न पारखता न लागलेल्या फोनावरून पारखावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. कापडाच्या दुकानात एक फोन घेतला गेला नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. नुकसान झालेच तर ते दुकानदाराचे. दवाखान्यात न लागलेल्या फोनाच्या दुसऱ्या टोकाला ताप उतरत नसलेले मूल असू शकते, किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेतल्यावर घाम फुटलेली, घरात एकटी असलेली वृद्धा असू शकते. तो फोन का लागला नाही, केव्हा लागला नाही, आणि तो लागला नाही हे आपणांस कधी कळले, या तीन गोष्टींत यंत्रणेची सारी परीक्षा आहे.

म्हणून आमचा पहिला सल्ला असा, की विक्रेत्यास बोलावण्यापूर्वी दोनशे पानांची एक वही आणावी. पंधरा दिवस येणाऱ्या प्रत्येक फोनाची नोंद कंपाउंडरने तीत करावी: वेळ, कशासाठी, किती मिनिटे, काम झाले की ‘नंतर करा’ म्हटले. कामाच्या गर्दीत हे जिकिरीचे आहे हे आम्ही जाणतो. परंतु ज्या दोघा-तिघा डॉक्टरांनी आमच्या आग्रहाने ही वही ठेवली, त्यांना आपल्याच दवाखान्याची ओळख नव्याने झाली. ‘डॉक्टर आलेत का?’ आणि ‘आमचा कितवा नंबर लागेल?’ या दोन प्रश्नांनी पानेच्या पाने भरलेली होती. खरोखरीच्या दुखण्याचे फोन थोडे. परंतु ते याच प्रश्नांच्या गर्दीत, सकाळी दवाखाना उघडल्यावरचा तास आणि संध्याकाळी सहानंतरचा तास, यांतच अडकलेले.

या गर्दीचे गणित फार जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग या गणितज्ञाने ते १९१७ मध्ये मांडले, आणि आमच्या खात्यात नव्याने आलेल्या उमेदवारास ते घोकावे लागे. समजा, गर्दीच्या तासात १२ फोन येतात आणि प्रत्येकास सरासरी ३ मिनिटे लागतात. म्हणजे साठ मिनिटांपैकी ३६ मिनिटे बोलणे. वरवर पाहणारा म्हणेल, एक लाइन पुरे. उलट २४ मिनिटे ती मोकळीच राहील. पण फोन रांग लावून येत नाहीत. दोन एकदम येतात, मग दहा मिनिटे एकही नाही. एरलांगच्या सूत्राने पाहिले तर एका लाइनीवर शंभरातील सुमारे ३७ फोनांना ‘एंगेज’ मिळतो, दोन लाइनींवर सुमारे १० ना, आणि तीन लाइनींवर केवळ २ ना. प्रत्यक्षात स्थिती याहून वाईट असते, कारण सूत्र असे धरते की ज्याला एंगेज मिळाला तो निमूटपणे निघून जातो. आपले रुग्ण इतके सोशिक नाहीत. ते पुनः पुन्हा फोन लावतात आणि गर्दी वाढवितात.

इंटरनेटवरील यंत्रणेचा खरा लाभ येथे दिसतो. एकाच क्रमांकावर एकाच वेळी तीन किंवा पाच जणांचे फोन येऊ शकतात. त्यासाठी तीन तारा ओढाव्या लागत नाहीत. पण येथेच एक फसगतही आहे, आणि ती कोणी विक्रेता सांगत नाही. वाटा तीन झाल्या तरी कंपाउंडर एकच आहे! पूर्वी दुसऱ्या माणसास एंगेज मिळत असे, आता त्याला घंटी ऐकू येत राहते. एंगेज मिळालेला माणूस समजतो की दवाखाना उघडा आहे. घंटी वाजत राहिलेला समजतो की कोणी जागेवर नाही. मग तो रिक्षा करून दुसरीकडे जातो, किंवा काहीच करीत नाही. त्यामुळे वाटांची संख्या हातांच्या संख्येपेक्षा फार वाढवू नये, आणि जो थांबला आहे त्यास ‘दवाखाना चालू आहे, आपला फोन दुसरा आहे’ एवढे तरी मराठीत ऐकू येईल अशी व्यवस्था मागावी. त्याहूनही उपयोगी वस्तू म्हणजे न घेतलेल्या फोनांची यादी. जुन्या तारेवरचा फोन वाजून बंद पडला की तो कोणाचा होता हे बहुधा देवासच ठाऊक. नव्या यंत्रणेत प्रत्येक चुकलेला क्रमांक वेळेसह नोंदला जातो. दुपारी दवाखाना बंद करण्यापूर्वी ती यादी काढून एकेकास उलट फोन करावयाचा, एवढा एक नेम पाळला तर आमच्या मते यंत्रणेची निम्मी किंमत वसूल झाली.

आता ज्यांना ही यंत्रणा नको त्यांच्याविषयी. एक डॉक्टर, एक कंपाउंडर, आणि वहीत दिवसाकाठी वीस-पंचवीस फोन, अशी स्थिती असेल तर त्यांनी काही विकत घेऊ नये. दवाखान्याच्या नावाने घेतलेल्या दोन सिमचे दोन साधे मोबाइल टेबलावर ठेवावेत, पहिला क्रमांक गुंतला असता फोन दुसऱ्यावर वळेल अशी सोय कंपनीकडून करून घ्यावी, आणि डॉक्टरांचा घरचा क्रमांक निराळा राखावा. विक्रेते माणशी दरमहा आकार लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि अर्धा दिवस येणारी परिचारिकाही त्यांच्या हिशेबी एक पूर्ण माणूस ठरते. दोन-तीन डॉक्टर एकत्र बसतात, शेजारी रक्त तपासण्याची खोली आहे, किंवा एकच डॉक्टर सकाळी एका पेठेत व संध्याकाळी दुसऱ्या गावी बसतात, अशांनाच यापुढील बोलणे उपयोगी पडेल.

त्यांच्या बाबतीत आम्ही सर्वांत अधिक भर विजेवर देतो. तांब्याच्या तारेत ४८ व्होल्टचा प्रवाह एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांकडून येत असे. घरात काळोख झाला, सारा गाव अंधारात बुडाला, तरी टेलिफोन जिवंत राही. हा त्या पद्धतीचा मोठेपणा आम्ही नोकरीत असताना फारसा कोणी ओळखला नाही. फायबरमधून वीज येत नाही. भिंतीवरची फायबरची पेटी, राउटर आणि टेबलावरचा फोन या तिघांनाही दवाखान्याचीच वीज लागते. फायबरवरून मिळणारी आजची ‘लँडलाइन’ही याला अपवाद नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते, वीज गेली की तीही मुकी होते. पावसाळ्याच्या पहिल्या वादळात चार तास वीज जाणे आपल्याकडे नवलाचे नाही, आणि माणसे नेमकी त्याच रात्री आजारी पडतात. सुदैवाने या पेट्यांना वीज फार थोडी लागते. त्यामुळे केवळ त्यांच्यासाठी एक लहान बॅटरीची पेटी ठेवली, किंवा इन्व्हर्टरच्या तारेवर त्यांना घेतले, तर काम भागते. क्ष-किरण यंत्राला इन्व्हर्टर नाही म्हणून हळहळणारे डॉक्टर आम्ही पाहिले आहेत. राउटरला तो नाही याची त्यांना वार्ताही नव्हती.

विजेनंतर येतो इंटरनेटचाच भरवसा. येथे विक्रेता वेगाचे आकडे सांगतो, शंभर आणि दोनशे एमबीपीएस. फोनास एवढा वेग लागतच नाही. चांगल्या प्रतीच्या एका संभाषणास प्रत्येक दिशेने सुमारे ९० केबीपीएस पुरतात. तीन माणसे एकदम बोलली तरी ते शंभर एमबीपीएसच्या शतांशाइतकेही होत नाही. प्रश्न वेगाचा नसून स्थैर्याचा आहे. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकास पोचण्यास १५० मिलिसेकंदांहून कमी वेळ लागला तर संभाषणास सहसा बाध येत नाही, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. त्यापुढे दोघेही एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. आणि पुडकी वाटेत गळाली तर शब्दच गळतो. दुकानदाराच्या संभाषणात एखादा शब्द गळाला तर पुन्हा विचारता येतो. पण ‘ही गोळी आज देऊ नका’ यातला शेवटचा शब्द गळाला, आणि ऐकणाऱ्यास तो गळाल्याचे कळलेच नाही, तर काय होईल याची कल्पना आम्ही डॉक्टरांना काय द्यावी? ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ यांचीही तीच गत. म्हणून राउटरमध्ये आवाजाच्या पुडक्यांस अग्रक्रम देण्याची व्यवस्था करवून घ्यावी, प्रतीक्षागृहातील रुग्णांस फुकट वायफाय द्यावयाचे असेल तर ते निराळे ठेवावे, आणि टेबलावरचा फोन वायफायवर न ठेवता तारेने जोडावा. यंत्रणा कितीही उत्तम असो, औषधाचे प्रमाण फोनवर सांगितले की समोरच्याकडून ते पुन्हा म्हणवून घ्यावे. तांब्याच्या तारेवरही आमच्या मते तोच नियम होता.

मोबाइलमधील ॲपवर सर्व भिस्त ठेवणे आम्हांस पसंत नाही. बॅटरी वाचविण्यासाठी मोबाइल मागे चालू असलेली ॲपे स्वतःच झोपवून टाकतो, आणि मग आलेला फोन वाजतच नाही. डॉक्टर म्हणतात, मला फोन आलाच नाही. रुग्ण म्हणतो, मी दहा वेळा केला. आणि दोघेही खरे बोलत असतात. ॲप जोडीला असावे. दवाखान्यात मात्र टेबलावर बसणारा, उचलावयाची काठी असलेला, घंटी खणखणीत वाजणारा एक फोन असावाच.

फायबर तुटणारच. रस्ते खणणाऱ्यांची आणि फायबरची जुनी भाऊबंदकी आहे. अशा वेळी दवाखान्याच्या क्रमांकावर आलेला फोन कोठे वाजतो, हा एकच प्रश्न विक्रेत्यास विचारला तरी त्याची परीक्षा होते. चांगल्या यंत्रणेत फोन वळविण्याचे काम कंपनीच्या संगणकावर होते. दवाखाना इंटरनेटवर सापडत नाही असे दिसताच फोन आपोआप ठरलेल्या मोबाइलवर जातो. ज्या यंत्रणेत वळविण्याचे काम दवाखान्यातीलच पेटी करते, तेथे पेटी बंद तर सारेच बंद. या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नये. करारावर सही करण्यापूर्वी विक्रेत्यास समोर बसवावे, राउटरची तार स्वतःच्या हाताने उपसावी, आणि आपल्या मोबाइलवरून दवाखान्याचा क्रमांक फिरवून पाहावा. येथे आणखी एक सूचना करून ठेवतो. दवाखान्यातून १०८ ची रुग्णवाहिका किंवा ११२ वर मदत बोलवावयाची असेल तर साधा मोबाइल वापरावा. इंटरनेटवरील फोनवरून तो लागेलच आणि आपला पत्ता पलीकडे कळेलच, असे गृहीत धरू नये. तसा कागद फोनशेजारी चिकटवून ठेवावा.

‘मराठीसाठी एक दाबा’ या प्रकाराविषयी मतभेद होतील याची आम्हांस कल्पना आहे. तरुण डॉक्टरांना त्यात व्यवस्थितपणा वाटतो. परंतु चष्मा सापडत नसलेल्या आजीबाईंनी कानाला लावलेला फोन खाली घेऊन त्यावरचे आकडे शोधावेत आणि तोवर पुढचे वाक्य होऊन जावे, यात व्यवस्था कोणाची झाली? दवाखाना उघडा असेतोवर माणसानेच फोन घ्यावा. बंद असताना एक पायरी असावी, तीही मराठीत आणि सावकाश म्हटलेली: दवाखाना केव्हा उघडेल, आणि तातडीचे असेल तर कोणता आकडा दाबावा. तातडीचे वाक्य आधी, वेळापत्रक नंतर. काही न दाबणाऱ्याचा फोनही शेवटी माणसाकडेच जावा. ही वाक्ये पगारी आवाजाकडून म्हणवून घेण्यापेक्षा कंपाउंडरच्याच आवाजात भरावीत. रुग्ण तो आवाज ओळखतात.

बोलणे साठवून ठेवण्याच्या सोयीबद्दल थोडे. रुग्ण जे डॉक्टरांस सांगतो ते तो घरातही सांगत नाही, आणि आपल्यासारख्या लहान समाजात, जेथे रुग्ण, डॉक्टर आणि कंपाउंडर एकमेकांच्या लग्नकार्यास जाणारे, तेथे तर ही गुप्तता जिवापाड जपावयास हवी. सोयरीक ठरत असताना एखाद्या मुलीच्या फिटचे औषध कोणाच्या कानी गेले, तर त्याचे काय होते हे या सभागृहात कोणास सांगावयास नको. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम प्रसिद्ध झाले, आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याची योजना आहे. परंतु कायद्याआधीही वैद्यकाचा धर्म होताच. गरज नसेल तर ध्वनिमुद्रण बंदच ठेवावे. ठेवलेच तर फोन करणाऱ्यास तसे सांगावे, ते किती दिवसांनी पुसले जाईल हे करारात लिहून घ्यावे, आणि ते ऐकण्याची किल्ली कोणाकडे आहे हे डॉक्टरांनी स्वतः पाहावे. सर्वांना एकच पासवर्ड, तोही दवाखान्याच्या नावाचा, हा प्रकार आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिला.

क्रमांक कोणाच्या नावावर आहे, याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. आमच्या परिचयाच्या एका दवाखान्यास एका मध्यस्थ कंपनीने नवा क्रमांक दिला. तो पाटीवर रंगविला गेला, औषधाच्या कागदांवर छापला गेला, रुग्णांच्या घरी भिंतीवर खडूने लिहिला गेला. पुढे त्या मध्यस्थाने धंदा गुंडाळला. क्रमांक त्याच्या नावावर होता, तो गेला. त्यानंतर कितीतरी महिने जुन्या क्रमांकावर फोन करून रुग्ण ‘दवाखाना बंद झाला’ असे समजत राहिले. म्हणून क्रमांक देणारी कंपनी परवानाधारक आहे काय, करार डॉक्टरांच्या अगर दवाखान्याच्या नावे आहे काय, आणि कंपनी बदलल्यास क्रमांक बरोबर नेता येतो काय, हे लेखी घ्यावे. मोबाइल क्रमांकास ही सोय देशभर २०११ पासून आहे. इतर प्रकारच्या क्रमांकांस ती गृहीत धरता येत नाही. जुना क्रमांक असेल तर तो निदान दोन वर्षे चालू ठेवून त्यावरचे फोन नव्याकडे वळवावेत, थोडे भाडे पडले तरी चालेल.

शेवटी एक सूचना, जी केवळ डॉक्टरांना उद्देशून नाही. लहान दवाखान्याचा फोन आजवर खरोखर कोणी सांभाळला? दिवसा कंपाउंडरने, आणि रात्री डॉक्टरांच्या पत्नीने. ‘ते झोपलेत, काय होतंय सांगा,’ असे म्हणून रुग्णाचे लक्षण ऐकून घेणाऱ्या, उठवावे की न उठवावे हे स्वतः ठरविणाऱ्या कित्येक माउल्या आज येथे बसल्या आहेत. त्यांच्या या कामाची कोठे नोंद नाही. नव्या यंत्रणेत रात्रीचा फोन वारानुसार निरनिराळ्या डॉक्टरांकडे वळविता येतो. एका गावात आपले तीन डॉक्टर निरनिराळे दवाखाने चालवीत असतील, आणि त्यांनी आपसांत ठरवून रात्रीच्या पाळ्या लावल्या, तर प्रत्येक घरास आठवड्यात चार-पाच रात्री सलग झोप मिळेल आणि रुग्णालाही फोन उचलणारा डॉक्टर मिळेल. अर्थात, आज रात्री आपल्या नेहमीच्या डॉक्टरांऐवजी दुसरे बोलतील हे रुग्णास आधी कळावयास हवे, आणि रात्री काय सांगितले याची चिठ्ठी सकाळी मूळ डॉक्टरांकडे पोचावयास हवी. २०२० च्या मार्चमध्ये निघालेल्या दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूचनांतही फोनवरील सल्ल्याची नोंद ठेवावी असे सांगितलेले आहे. एकमेकांचे रुग्ण पळविले जातील ही शंका येथे निघेल. ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु यंत्र विकत घेण्यापूर्वी तीन डॉक्टरांनी एका संध्याकाळी एकत्र चहा घेऊन ती शंका बोलून टाकावी, कारण तिचा निकाल कोणतीही कंपनी लावून देणार नाही.

आमच्या वहीचा आखलेला नमुना चिटणीसांकडे ठेवला आहे. ज्यांस हवा असेल त्यांनी न्यावा. कोणास काही विचारावयाचे असल्यास अवश्य विचारावे. मात्र ‘कोणत्या कंपनीचे घ्यावे’ असे विचारू नये. राउटरची तार उपसून झाल्यावर ते आपले आपणांसच कळेल.